जिनिंगच्या भिंतीवर सरवा वेचणाऱ्या बाया

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाचनालय चालवणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलंय : गावात जुनं जिनिंग-प्रेसिंग आहे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. हंगामात तिथं शंभरेक माणसं कामाला असतात, त्यात बाया जास्त. झाँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराच्या ‘ग्लीनर्स’ या चित्राची मूळ आकाराएवढी प्रत त्या आवारात दोन-तीन महिने लावायची आहे. मालक राजी आहेत, पण मित्र हसतात. म्हणतात, रुईच्या फुफाट्यात पॅरिसचं चित्र कोण पाहणार? तेव्हा लावावं का, आणि लावायचं तर कसं?

लावा. मी एकतीस वर्षं चित्रं टांगायचं काम केलं. आधी संग्रहालयात, मग शाळा, वाचनालयं, बाजार, एकदा तर एसटी स्टँडवर. अशा जागी चित्र चालतं की पडतं, हे चित्रापेक्षा खिळा कुठं ठोकला यावर जास्त ठरतं. म्हणून या उत्तरात कलेपेक्षा भिंत, ऊन आणि उंची यांचंच बोलणं जास्त येईल. ज्यांना थोर विचार हवेत त्यांनी इथंच थांबावं.

सुरुवात नावापासून. ‘ग्लीनर्स’ म्हणू नका. या कामाला आपल्याकडे धडधडीत शब्द आहे, सरवा. पीक निघाल्यावर वावरात पडलेली कणसं, शेंगा, कापसाच्या पऱ्हाटीला राहिलेली चुकार बोंडं वेचायची, तो सरवा. चित्राचं नाव ‘सरवा वेचणाऱ्या’ एवढंच लिहा. पहिल्यांदा हे चित्र लावलं तेव्हा मी खाली ‘ग्लीनर्स’ लिहिलं होतं, आणि कंसात ‘धान्यकण वेचणाऱ्या स्त्रिया’. धान्यकण! असा शब्द कोण बोलतं? एक म्हातारी चित्रासमोर उभी राहिली, शेजारणीला म्हणाली, “सरवा येचून राह्यल्या व,” आणि पुढे गेली. त्या दिवशी मी पाटी बदलली.

तो पहिला प्रयोग मात्र फसलाच होता, तो सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. एका बाजार समितीच्या आवारात लिलावाच्या शेडमध्ये दहा बाय आठ फुटांचं फ्लेक्स करून लावलं. मला वाटलं, मोठं केलं की दिसेल. फीत कापली, तीन भाषणं झाली, ‘श्रमप्रतिष्ठा’ हा शब्द निदान वीसदा कानावर आला. दुसऱ्या दिवसापासून त्या चित्राकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी त्याच्या दोरीवर कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. आठवड्यानं त्याच्या डोक्यावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स चढलं. मी चिडलो होतो, पण आता वाटतं की दोष माझाच. आपल्या गावांतल्या माणसांच्या डोळ्यांनी फ्लेक्स न पाहण्याची सवय लावून घेतली आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली, सगळं त्याच चकचकीत कापडावर येतं. त्यावर मिले छापला तरी तोही कुणाच्या तरी अभिनंदनाचाच होतो.

म्हणून पहिला नियम, फ्लेक्स नको आणि मोठं नको. मूळ चित्र जवळपास ८४ बाय ११० सेंटिमीटरचं आहे, म्हणजे साधारण पावणेतीन फूट उंच आणि तीन फूट आठ इंच रुंद. तेवढंच ठेवा. या आकारात समोरच्या तिघी बाया जवळ गेल्यावर जवळच्या वाटतात आणि मागची गर्दी लांबची वाटते. मोठं केलं की मागची माणसंही अंगावर येतात आणि चित्रातलं अंतर मरतं. या चित्रात सगळा खेळ त्या अंतराचाच आहे, त्यावर पुढे बोलतो.

हक्काची काळजी करू नका. मिले १८७५ साली वारला. आपल्या कायद्यात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. फोटो मात्र कुठला घेता ते पाहा. नेटवर या चित्राच्या पन्नास प्रती आहेत, कुठली हळदीसारखी पिवळी, कुठली धुरकट. संग्रहालयानं दिलेली किंवा तितकीच मोठी, चांगली प्रत शोधा. दीडशे डीपीआयनं, म्हणजे इंचाला दीडशे ठिपके धरून, छापायचं तर साधारण ६,५०० बाय ४,९०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवर आलेलं चित्र घेऊन छपाईवाल्याकडे गेलात तर बायांच्या तोंडाचे चौकोन होतील.

छपाई मॅट कॅनव्हासवर किंवा जाड मॅट कागदावर करा. तो कागद एसीपी शीटवर (दुकानाच्या पाट्यांना लावतात तो ॲल्युमिनियमचा पत्रा) चिकटवून घ्या. सनबोर्ड, म्हणजे फोमचा पुठ्ठा, स्वस्त पडतो, पण तापलेल्या टिनाखाली तो पापडासारखा वळतो. काच लावू नका, दिवसा त्यात फक्त अंगण आणि पाहणाऱ्याचं तोंड दिसतं. आणखी एक, छपाईवाला पोरगा चांगल्या मनानं चित्र ‘उजळ’ करून देईल. त्याला अडवा. समोरची जमीन मंद, मातकट आहे आणि मागे ऊन झळाळतंय, ते तसंच हवं. आधी एक फूट रुंदीची पट्टी छापून घ्या, ज्यात आभाळही येईल आणि मधल्या बाईचा तांबडा रुमालही. पट्टी उन्हात धरून पाहा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको.

आता भिंत. जिनिंगच्या मुख्य शेडमध्ये, जिथं सरकी काढायची यंत्रं, म्हणजे रेचे, चालतात, तिथं चुकूनही नको. आवाज इतका की शेजारच्याचं ऐकू येत नाही, हवेत रुई उडते, आणि चालत्या पट्ट्यांजवळ माणसानं मान वर करून चित्र पाहावं ही अपेक्षाच गुन्हा आहे. मालकाच्या केबिनमध्येही नको. मालक तसं सुचवतील, कारण तिथं एसी आहे आणि येणाऱ्या व्यापाऱ्याला दाखवता येतं. गोड बोलून टाळा. वजनकाट्याजवळ चालेल असं वाटतं, कारण तिथं गाड्या तास तास उभ्या असतात, पण तिथं कास्तकाराचं सगळं लक्ष काट्याच्या आकड्यावर असतं, आणि ते असायलाच पाहिजे. मजुरी वाटतात त्या ओट्याजवळ तर मुळीच नको. मुकादम समोर असताना बाया चित्राविषयी तर सोडाच, भाजीविषयीही मोकळं बोलत नाहीत.

माझ्या अनुभवात जागा एकच, पाण्याच्या टाकीजवळची भिंत, नाहीतर जिथं बाया दुपारचा डबा खातात तो व्हरांडा. तिथं माणूस थांबलेलं असतं आणि कुणाच्या नजरेखाली नसतं. दुसऱ्या खेपेला मी एका जिनिंगमध्ये कवडी, म्हणजे किडका, नीट न फुललेला कापूस, निवडणाऱ्या बायांच्या जेवणाच्या पडवीत चित्र लावलं, पाण्याच्या माठापासून आठ फुटांवर. भाषण नाही, फीत नाही. पहिले दोन दिवस कुणी काही बोललं नाही. फक्त जेवणाच्या जागा बदलल्या. आधी सगळ्या भिंतीला पाठ टेकून बसायच्या, तिसऱ्या दिवशी अर्ध्या समोर जाऊन बसल्या.

उंचीचं सांगतो, कारण इथं संग्रहालयातली माणसं हमखास चुकतात. दालनात आम्ही चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५५ सेंटिमीटरवर धरतो, उभ्या माणसाच्या डोळ्यांचा हिशोब. पण पडवीत माणूस खाली बसलेलं असतं, आणि जमिनीवर बसलेल्या बाईचे डोळे अडीच फुटांच्या आसपास असतात. तिला दालनाच्या मापानं लावलेलं चित्र देव्हाऱ्यासारखं वर दिसतं. मी मध्य चार फुटांवर, म्हणजे १२० सेंटिमीटरवर घेतला. उभ्या माणसाला थोडं खाली पाहावं लागतं, पण या चित्राला ते शोभतं. चित्रातल्या बायाही खालीच पाहताहेत.

चित्र ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी. समोर तीन बाया, कापणी झालेल्या गव्हाच्या शेतात. डावीकडची निळा रुमाल बांधलेली, एक हात मुडपून पाठीवर घेतलेला आणि दुसरा जमिनीकडे. मधली तांबड्या रुमालाची, पार वाकलेली. उजवीकडची पिवळसर रुमालाची, अर्धी उठलेली, हातातली मूठ पाहतेय. तिघींनी कमरेचं फडकं वर खोचून त्याची ओटी केली आहे. मागे, खूप मागे, ऊन, गंज्या, भरलेली गाडी, कापणी करणाऱ्यांचा घोळका, आणि अगदी उजव्या कडेला घोड्यावर बसलेला एक माणूस, बोटाच्या पेराएवढा. वाकलेल्या दोघींची डोकी क्षितिजाच्या रेषेच्या खालीच राहतात. चित्रातलं सगळं धान्य मागे आहे, पुढे फक्त खुंट.

हे चित्र मिलेनं १८५७ साली पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात मांडलं. आपल्याकडे उठावाचं साल. वऱ्हाड त्याआधी चारच वर्षं, १८५३ मध्ये, निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. पॅरिसमध्ये १८४८ च्या क्रांतीला नऊ वर्षं झाली होती आणि शहरातल्या बड्या लोकांच्या मनातली धास्ती गेलेली नव्हती. गरीब माणसं चित्रात असू नयेत असं नाही, ती असायची, पण लहान, गोंडस, कोपऱ्यात. इथं तीन फाटक्या बाया समोर आल्या, मोठ्या आकारात, आणि कुणाकडे पाहून हसतही नव्हत्या. एका समीक्षकानं त्यांना दारिद्र्याच्या तीन नियतीदेवता म्हटलं, आणि ते कौतुकानं नाही. मिले स्वतः नॉर्मंडीतल्या ग्रुशी गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, १८४९ पासून बार्बिझाँ गावात राहिलेला. त्याला चार हजार फ्रँक हवे होते, मिळाले तीन हजार. पुढे १८८९ च्या सुमारास शॅम्पेनचा धंदा करणाऱ्या मादाम पोमेरी या बाईंनी तेच चित्र तीन लाख फ्रँकना घेतलं आणि त्यांच्यामागे ते लूव्ह्र संग्रहालयाला गेलं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

हा किमतीचा भाग मी पडवीत सांगितला, कारण “केवढ्याचं हाये?” हा प्रश्न पहिल्या पाचांत येतोच. शॅम्पेन म्हणजे काय ते समजावताना माझी तारांबळ उडाली. शेवटी एक जण म्हणाली, “दारूच ना, सीधं सांगा ना मंग.” त्यानंतर ते चित्र तिथं ‘दारूवालीनं घेतलेलं’ म्हणूनच ओळखलं गेलं.

आता त्यांनी काय पाहिलं ते. मी तीस वर्षं लोकांना हे चित्र दाखवताना छडी घेऊन घोड्यावरचा माणूस दाखवत आलो. कला महाविद्यालयातल्या पोरांनासुद्धा तो सापडत नाही. पडवीत एका बाईनं भाकरी मोडता मोडता विचारलं, “अन थो दिवानजी तिकडं उभा राहून काय करून राह्यला?” मी काही दाखवलंच नव्हतं. मग दुसरीचा प्रश्न आला, जो मला कुठल्याही व्याख्यानात ऐकू आला नाही : “याले पाहून वाकल्या, का पह्यलेच वाकेल होत्या?” यावर दोन दिवस वाद चालला. एकीचं म्हणणं, डावीकडचीनं हात पाठीवर घेतलाय तो मूठ लपवायला. दुसरी म्हणे, अहं, तसं केल्यानं वाकताना कमरेला आधार मिळतो, आपणही करतो. मी दोन्ही करून पाहिलं. आधाराचं खरं आहे.

उजवीकडच्या अर्धी उठलेल्या बाईविषयी पुस्तकांत बरंच काही वाचलंय, तिघी मिळून एकाच हालचालीचे तीन टप्पे होतात वगैरे. ते चूक नाही. पडवीतलं वाचन साधं होतं : “तिसरीची कंबर धरली.” आणि ओटीबद्दल सगळ्यांचं एकमत, की दिवस कलला तरी ओटी फुगलेली नाही. कापूस वेचणारीला ओटीचा फुगवटा लांबूनही वजनात कळतो, तिथं आपण काय बोलावं.

सर्वांत लांब चाललेली चर्चा चित्रात नसलेल्या गोष्टीवर होती, बकऱ्यांवर. उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, झाली की काही कास्तकार सरवा वेचू देतात, काही लगेच जनावरं सोडतात. “पह्यले बकऱ्या घालते, मंग सरवा कायचा भेटते?” असं एक जण तावातावानं म्हणाली आणि दोन-चार नावं घेतली, ती मी इथं लिहीत नाही. मला तेव्हा आठवलं की फ्रान्समध्ये हाच तंटा कायद्यात गेला होता. १५५४ च्या राजाज्ञेनं सरवा वेचायचा हक्क म्हातारे, अपंग, लहान मुलं, ज्यांना कापणीचं काम झेपत नाही अशांना दिला. पीक उचलून झाल्यावरच आणि दिवसाउजेडीच वेचायचं. आणि क्रांतीनंतरच्या १७९१ च्या कायद्यात असं कलम होतं की पूर्ण पीक निघाल्यानंतर दोन दिवस होईपर्यंत गुराख्यानं त्या शेतात जनावरं घालायची नाहीत. हे सांगितल्यावर पडवीत जी शांतता झाली, तशी मला कुठल्या उद्घाटनाला मिळाली नाही. मग एकीनं विचारलं, “दोनच दिवस?”

म्हणून सांगतो, तुमच्या मित्रांचा प्रश्न उलटा आहे. या चित्राला पॅरिसमध्ये समजावून सांगणारा माणूस लागतो, कारण तिथं आज सरवा क्वचितच कुणी वेचतं. आपल्या जिनिंगमध्ये तुम्ही जास्तीत जास्त एकच विचारा, “इथं काय चाललंय?” आणि गप्प बसा. गप्प बसणं जड जातं. मलाही गेलं.

पाटी लहान ठेवा, अक्षर मोठं. नाव, चित्रकार, साल, मूळ चित्र कुठं आहे, आणि ही छापील प्रत मूळ आकाराएवढी आहे हे. पाच ओळी बास. ‘कष्टकरी भगिनींना समर्पित’ असलं काही लिहू नका. ज्यांच्या नावानं सलाम ठोकतो त्यांनाच आपण चित्रापासून दूर ढकलतो. वाचता न येणाऱ्या असतील तर पाटी वाचून दाखवायचं काम तिथल्याच शिकलेल्या एखाद्या पोरीला द्या, बाहेरच्याला नको. “अस्सल हाये का?” असं कुणी विचारलं तर खोटं बोलू नका. प्रत म्हणून सांगितल्यानं कुणाचा रस कमी झालेला मी पाहिला नाही.

कुणी म्हणेल, विदेशी कशाला, आपलं लावा. जरूर लावा, मीही लावलंय. पण रवि वर्म्याची लक्ष्मी लावाल तर एक होईल : चित्र पाहणं थांबेल आणि नमस्कार सुरू होईल. तिच्याच वंशातली लक्ष्मी मालकाच्या गल्ल्याच्या वर आधीच कॅलेंडरवर असते. रवि वर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तेव्हापासून ती घरोघर आहे, तिला आपल्या प्रदर्शनाची गरज नाही. आपलंच हवं तर चित्रकार नंदलाल बोस यांची हरिपुरा पोस्टर्स पाहा. १९३८ साली गुजरातेत हरिपुऱ्याला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथं येणाऱ्या खेडुतांना चालता-चालता दिसावीत म्हणून गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुमारे ४०० चित्रं केली. हातकागद, मातीचे रंग, विषय म्हणाल तर सुतार, चांभार, कातणारी, ढोलकीवाला, कुस्तीगीर. त्याआधी १९३६ मध्ये आपल्या शेजारच्या खानदेशात फैजपूरच्या अधिवेशनाची सजावटही नंदलालांचीच होती. म्हणजे नामवंत चित्रकाराचं काम मांडवात, धुळीत, बैलगाड्यांच्या वाटेवर लावणं ही काही तुमच्या डोक्यातलं नवं खूळ नाही. मात्र त्यांच्या हक्काची तारीख वेगळी आहे. नंदलाल १९६६ साली वारले, त्यामुळे २०२६ संपेपर्यंत छापण्याआधी परवानगी लागेल. मिलेचं तसं नाही.

विलायतेतही करतात. २०१९ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीनं आर्तेमिसिया जेंतिलेस्की या सतराव्या शतकातल्या चित्रकर्तीचं आत्मचित्र, प्रत नव्हे, अस्सल, एका गावच्या दवाखान्यात, मुलींच्या शाळेत आणि बायकांच्या तुरुंगात नेऊन लावलं होतं. मित्र फारच हसले तर हे सांगा.

भिंतीचं उरलेलं. उत्तरेकडे तोंड असलेली भिंत बघा. हंगामात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे त्या भिंतीवर थेट ऊन येत नाही. पश्चिमेची भिंत मिळाली तर दुपारनंतर चित्र जळेल. छापील रंगात आधी लाल-पिवळा उडतो आणि चित्र निळसर पडतं. मधलीचा तांबडा रुमाल पहिला जाईल, आणि तो गेला की चित्राचा डोळाच गेला.

जुन्या जिनिंगच्या भिंती चुन्यातल्या विटांच्या असतात. सांध्यात खिळा ठोकलात तर चुना भुगा होऊन खिळ्यासकट बाहेर येईल. मधल्या पक्क्या विटेत छिद्र पाडून गिट्टी बसवा आणि स्क्रू घ्या. स्क्रू दोन, एक नको. एकावर टांगलेलं चित्र गोदामाच्या हादऱ्यानं रोज थोडं तिरकं होतं आणि पाहणाऱ्याला चित्राऐवजी तिरकेपणाच दिसतो. सुतळी नको, उंदीर खातात. तार वापरा. चित्राच्या मागे खाली दोन लाकडी ठोकळे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांत बोटभर हवा राहील. नाहीतर ओल, उधळी (वाळवी) आणि कुंभारीण माशीची मातीची घरं, तिन्ही एका हंगामात मिळतात. रुईचे तंतू कॅनव्हासला चिकटतात, ते आठवड्यातून एकदा कोरड्या, मऊ ब्रशनं वरून खाली झाडायचे. ओलं फडकं लावलंत तर तंतू रंगात बसतील.

आणि आग. तुम्ही त्या गावचे आहात, तुम्हाला सांगायला नको, पण बाहेरून येणारे पाहुणे विसरतात. चित्रावर दिवा नको, हॅलोजन तर नकोच, जोड मारलेली वायर नको. दिवसाच्या उजेडात दिसेल तेवढं पुरे. उद्घाटन करायचा आग्रह झालाच तर नारळ फोडा. दीपप्रज्वलन नाही, अगरबत्ती नाही. माझ्यासमोर एका हौशी पाहुण्यांनी निरांजन मागितलं होतं. जिनिंगच्या वॉचमननं त्यांना असं पाहिलं, की त्यांनी स्वतःच हात मागे घेतला.

काढायचा दिवस आधी ठरवून ठेवा, होळीच्या आत. तोवर आवक ओसरते, फरदडीचा, म्हणजे हंगामानंतरही पऱ्हाटी राखून घेतलेला, कापूस येतो, बाया कमी होतात, आणि मग टिनाखालचा उन्हाळा कुठल्याच छपाईला सोसत नाही. मालक तेव्हा म्हणतील, राहू द्या, केबिनमध्ये लावतो. म्हणून लावण्याआधीच एका कागदावर लिहून घ्या की प्रत वाचनालयाची आहे. माझ्याकडून हे राहिलं. ते चित्र आज एका केबिनमध्ये आहे, फॅक्स मशीनच्या वर, काच लावून.

पैसे कमी असतील तर आधी कॅनव्हास करा, एसीपी नंतर बघू. भिंतीचा एक फोटो सकाळी दहाला आणि एक दुपारी चारला काढून पाठवा. माठ भिंतीपासून किती फुटांवर आहे तेही मोजा, आणि जेवताना बाया कुणाकडे तोंड करून बसतात ते दोन दिवस नुसतं बघून कळवा.